ग्रेडियस आणि त्याची घरगुती आवृत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोनामी या जपानी कंपनीचा १९८५ चा आर्केड गेम (म्हणजे दुकानात नाणं टाकून खेळायचा) आणि १९८६ मध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवर आलेलं त्याचं घरगुती रूप, या दोघांबद्दल लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, हवा तो प्रश्न गाठा. माझा कल घरगुती आवृत्तीकडे आहे, हे मात्र आधीच कबूल करतो.

ग्रेडियस हा नेमका कसला गेम आहे?

आडवा सरकणारा, अंतराळातल्या गोळीबाराचा. पडदा आपला आपण सरकत राहतो आणि आपलं यान उजवीकडे निघालेलं दिसतं. थांबता येत नाही, मागे फिरता येत नाही. यानाचं नाव व्हिक व्हायपर, वाचवायच्या ग्रहाचं नाव ग्रेडियस, शत्रूचं नाव बॅक्टेरियन. कथा एवढीच, आणि तीही कुणी विचारत नाही.

दिग्दर्शन हिरोयासु माचिगुची यांचं. कोनामीचाच १९८१ चा 'स्क्रॅम्बल' नावाचा आडवा गेम होता. त्यात इंधनाच्या टाक्या फोडत आणि बॉम्ब टाकत पुढे जायचं. त्याचा दुसरा भाग करायचा म्हणून काम सुरू झालं आणि होता होता वेगळंच काहीतरी उभं राहिलं.

असं वेगळं काय होतं त्यात?

पडद्याच्या तळाशी असलेली पट्टी. बाकी सगळं, म्हणजे ज्वालामुखी, टप्प्याअखेरचे मोठाले शत्रू म्हणजे बॉस, संगीत, हे उत्तमच आहे. पण ग्रेडियसचा जीव त्या पट्टीत आहे.

त्या काळच्या बहुतेक गेममध्ये हत्यार उचललं की ते लगेच मिळायचं. इथे तसं नाही. शत्रूंची अख्खी रांग पाडली किंवा लाल रंगाचा एखादा शत्रू मारला की कॅप्सूल पडते. ती उचलली की पट्टीवरचा उजेड फक्त एक घर पुढे सरकतो. घरं अशी: स्पीड-अप, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह, म्हणजे ढाल. ज्या घरावर उजेड आहे ते घ्यायचं असेल तर बटण दाबा. दाबलं की उजेड विझला आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

एसटीत बसल्यासारखं आहे हे. प्रत्येक कॅप्सूलला एक थांबा पुढे. मिसाइलला उतरायचं, की कळ काढून लेझरपर्यंत जायचं? ऑप्शनच्या घरात बसून राहिलात आणि चुकून एक कॅप्सूल अंगावर आली तर गाडी ढालीच्या थांब्यावर. तीही गेली की थेट पुन्हा स्पीड-अपला. म्हणजे कॅप्सूल घेणं जितकं महत्त्वाचं, तितकंच कधीकधी ती टाळणंही. गोळ्यांच्या पावसात आपलंच बक्षीस चुकवत फिरणारा खेळाडू मी ग्रेडियसमध्येच पहिल्यांदा पाहिला.

मधूनच निळी कॅप्सूल मिळते. तिचा पट्टीशी संबंध नाही, ती पडद्यावरचे शत्रू साफ करते.

ऑप्शन म्हणजे काय? ते यानामागे चालणारे गोळे?

हो, तेच. चमकते नारिंगी गोळे. ते मरत नाहीत आणि तुम्ही जे झाडाल तेच तेही झाडतात. खुबी त्यांच्या चालण्यात आहे. गोळा यानाला दोरीने बांधल्यासारखा मागे ओढला जात नाही. यान जिथून जिथून गेलं त्याच वाटेवरून तो थोड्या वेळाने जातो. यान थांबलं की गोळेही आहेत तिथे थांबतात. म्हणून खालून वर जाऊन थांबलात तर गोळे उभ्या रांगेत लटकतात आणि एका वेळी तीन-चार उंचींवरून मारा होतो. एखाद्या वळणापाशी त्यांना असं 'मांडून ठेवणं' ही कला आहे, आणि ती जमायला लागली की गेम अर्धा कळला समजा.

मूळ आर्केड मशीन सुरू होताना म्हणे संगीत वाजायचं?

वाजायचं, आणि त्यामागे चक्क तापमानाचं कारण होतं. जपानमधलं पहिलं ग्रेडियस 'बबल सिस्टम' नावाच्या हार्डवेअरवर चालायचं. त्यात गेम नेहमीच्या रॉम चिपमध्ये नसून मॅग्नेटिक बबल मेमरीत साठवलेला असे. पातळ चुंबकीय थरातले सूक्ष्म ठिपके हलवून माहिती लिहायची-वाचायची, असा तो प्रकार. वीज गेली तरी माहिती टिकायची आणि एकाच मशीनमध्ये गेम बदलणं सोपं जाईल अशी आशा होती. पण ही मेमरी थंड असताना धड चालत नसे. आधी तिला ऊब द्यावी लागे.

म्हणून मशीन लावलं की पडद्यावर उलटी मोजणी सुरू व्हायची आणि ती संपेपर्यंत एक शांत, गोड धून वाजायची. तिचं नावच 'मॉर्निंग म्युझिक'. सकाळी दुकान उघडून मालक स्विच पाडतोय आणि मशीन भूपाळी म्हणतंय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. धून कानाला इतकी चांगली आहे की मशीन गरम करण्यासाठी ती लिहिली हे कुणाला सांगूनही पटत नाही.

बबल मेमरी महाग होती आणि नाजूकही. ती फार टिकली नाही. पुढे हाच गेम साध्या रॉम बोर्डवर आला.

'नेमेसिस' हा वेगळा गेम आहे का?

नाही. जपानबाहेरच्या आर्केडमध्ये ग्रेडियसच या नावाने गेला. मात्र १९९० मध्ये गेम बॉयवर आलेला 'नेमेसिस' त्याच घराण्यातला असला तरी स्वतंत्र आहे. घोटाळा होणारच, तुमचा दोष नाही.

फॅमिकॉम आवृत्ती कधी आली? तीच एनईएसची का?

जपानमध्ये २५ एप्रिल १९८६ ला. फॅमिकॉमचं परदेशी रूप म्हणजे एनईएस. त्यावर अमेरिकेत ती १९८६ च्या अखेरीस आली. गेम तोच.

आर्केडचा गेम घरच्या मशीनमध्ये बसवताना काय काय कापलं?

हा प्रश्न बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात येतो, म्हणून जरा सविस्तर.

आर्केड मशीनचा मुख्य प्रोसेसर मोटोरोला ६८०००, साधारण ९.२ मेगाहर्ट्झवर चालणारा. आवाजासाठी वेगळा झेड-८०. फॅमिकॉमकडे सगळ्या कामांना मिळून एकच ८-बिट प्रोसेसर, १.७९ मेगाहर्ट्झचा. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये, जागा किती? प्रोग्रॅमला ३२ केबी, चित्रांना ३२ केबी. एकूण ६४. व्हॉट्सॲपवर रोज येणारा फुलांचा 'शुभ सकाळ' फोटो याहून मोठा असतो.

पण खरी अडचण जागेची नव्हती, ती स्प्राइटची होती. हलणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे यान, गोळी, शत्रू, हे ८ पिक्सेल रुंदीच्या तुकड्यांनी बनतं. असे तुकडे फॅमिकॉम एका वेळी ६४ दाखवू शकतो आणि पडद्याच्या एका आडव्या ओळीत फक्त ८. नववा तुकडा त्या ओळीत दिसतच नाही. प्रोग्रॅमर मग आळीपाळीने एकेकाला लपवतात, आणि आपल्याला वस्तू लुकलुकताना दिसतात.

आता साधा हिशेब करा. यान आणि ऑप्शन प्रत्येकी १६ पिक्सेल रुंद धरले, तर प्रत्येकाचे ओळीत दोन तुकडे. आर्केडमध्ये ऑप्शन मिळायचे चार. यान आणि चार ऑप्शन सरळ रेषेत आले तर झाले दहा. मर्यादा तिथेच ओलांडली, अजून एकही गोळी सुटलेली नाही. दोन ऑप्शन ठेवले तर होतात सहा, दोन तुकडे गोळ्यांना उरतात. फॅमिकॉमवर ऑप्शन दोनच का, याचं उत्तर या बेरजेत आहे. लेझरचंही तेच. आर्केडमध्ये तो पडदाभर ताणलेला लखलखीत दांडा आहे, घरी मात्र त्याची आखूड काडी झाली. शत्रूंची गर्दीही विरळ केली.

आता काय ठेवलं ते बघा. ज्वालामुखी, स्टोनहेंजसारखे दगडांचे ढीग, तोंडातून कडी फेकणारे मोआई (दगडी डोकी), उलटे ज्वालामुखी, लांब हात हलवणारे जीव, पेशींचा टप्पा आणि शेवटचा किल्ला. टप्पे सगळे आले. संगीत आलं. आणि ती पट्टी तिच्या सहा घरांसकट, नियमांसकट जशीच्या तशी आली. कापणाऱ्याला कुठे सुरी लावायची नाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून मला ही आवृत्ती गरिबांची नक्कल वाटत नाही. दोन ऑप्शनमुळे उलट एकेका ऑप्शनची किंमत वाढते, आणि आर्केडमध्ये चार गोळ्यांच्या जोरावर जे खपून जायचं ते इथे हाताने खेळून भागवावं लागतं.

माझ्याशी सहमत नसणारे पुष्कळ आहेत. आखूड लेझर बघून त्यांच्या पोटात दुखतं, आणि तेही मला समजतं.

तो प्रसिद्ध कोड याच गेममधला ना?

याच. आणि आर्केडमधला नव्हे, घरगुती आवृत्तीतला. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए.

कझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे फॅमिकॉम आवृत्तीचं काम होतं. गेम शेवटपर्यंत नीट चालतोय का हे तपासायचं तर शेवटपर्यंत पोचायला हवं, आणि ते स्वतः काही तेवढे तरबेज खेळाडू नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःपुरती सोय करून ठेवली. गेम थांबवायचा, हा क्रम दाबायचा, की एरवी कॅप्सूल-कॅप्सूलने गोळा करावा लागणारा साज बहुतेक एका दमात यानावर चढतो. आपल्यालाच वापरायचा म्हणून क्रमही लक्षात राहील असा निवडला. चाचणीची ही सोय बाजारात गेलेल्या प्रतीतही राहिली, लोकांना सापडली, आणि मग कोनामीने ती गेमामागून गेमात मुद्दाम पेरली. हाशिमोतो यांचं २०२० च्या फेब्रुवारीत निधन झालं, तेव्हा जगभरच्या लोकांनी श्रद्धांजली म्हणून हीच दहा बटणं लिहिली.

पण तो तर 'कॉन्ट्रा'चा ३० लाइफवाला कोड आहे!

एनईएसवरचा 'कॉन्ट्रा' हा कोनामीचाच गेम १९८८ चा, म्हणजे ग्रेडियसनंतर दोन वर्षांनी. तिथे कोड सुरुवातीच्या पडद्यावर द्यायचा आणि ३० लाइफ मिळायच्या. जगात कोड गाजला तो कॉन्ट्रामुळे, हे खरं. जन्माचा दाखला मात्र ग्रेडियसचाच.

कोड बरोबर दाबूनही चालत नाही. का?

तीन शक्यता. एक, तुम्ही गेम थांबवलेला नाही. दोन, तुमच्या हातातल्या नकली कंट्रोलरवर टर्बोची बटणं आहेत आणि तुम्ही 'बी'ऐवजी टर्बोचं दाबताय. त्यातून एका दाबात बरेच 'बी' जातात आणि क्रम मोडतो. तीन, तुम्ही सुपर निन्टेन्डोवरचा (निन्टेन्डोच्या पुढच्या मशीनवरचा) 'ग्रेडियस ३' खेळताय. तिथे कोनामीने खोडी काढून ठेवलीय. जुना कोड जसाच्या तसा दिला तर साज चढतो, आणि क्षणात आपलंच यान फुटतं. तिथे डावी-उजवीकडच्या जागी कंट्रोलरच्या खांद्यावरची एल आणि आर बटणं वापरायची.

एकदा मेलो की सगळा डावच का संपतो?

लाइफ शिल्लक असतात, पण उपयोग नसतो, असंच ना? याला खेळाडूंनी 'ग्रेडियस सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलंय. मेलात की वेग, मिसाइल, लेझर, ऑप्शन सगळं जातं आणि तुम्ही मागच्या चेकपॉइंटवर नागवे उभे. टप्पा मात्र सजलेल्या यानाच्या हिशेबाने रचलेला. पुढच्या टप्प्यांत तर पहिली कॅप्सूल मिळेपर्यंतच तीन वेळा मरणं होतं.

त्यात आणखी एक छुपी गोष्ट आहे. तुम्ही जितकी हत्यारं चढवता तितका गेम तापतो, शत्रू जास्त गोळ्या झाडतात. जाणकार याला 'रँक' म्हणतात. त्यामुळे दिसलं ते घेत सुटणारा खेळाडू स्वतःच्याच वाटेत काटे पेरत असतो.

माझं मत विचाराल तर हा दोष आहे, आणि याच दोषामुळे गेम लक्षात राहतो. पूर्ण सजलेलं यान घेऊन मोआईंच्या मधून जाताना हात कापतात ते गमावण्याच्या धास्तीने. मरणं स्वस्त असतं तर ती धास्ती कुठून आली असती?

नवख्याने कॅप्सूल कोणत्या क्रमाने वापराव्यात?

पहिल्या दोन स्पीड-अपला. एकाने यान रेंगाळतं. चार-पाच घेतल्या तर बोट जरा लागलं की यान भिंतीवर. दोन पुरेत, फार तर तीन. मग मिसाइल, कारण ती जमिनीला घासत जाते आणि खालच्या तोफांची चिंता मिटते. मग ऑप्शन, एक तरी. लेझर त्यानंतर. पुष्कळ जण लेझर आधी घेतात, तेही चालतं. डबल आणि लेझर एकत्र राहत नाहीत, एक घेतलं की दुसरं जातं. डबलची एक गोळी तिरकी वर जाते, छताला शत्रू चिकटलेले असतील तिथे बरी. ढाल समोरचा मार झेलते, पण ती सगळ्या बाजूंनी आहे असं समजून भिंतीला खेटू नका.

पहिल्या टप्प्याच्या शेवटी दोन ज्वालामुखी दगड ओकायला लागतात. तिथे घाबरून इकडेतिकडे पळणारे हमखास मरतात. एक जागा धरा, समोर येणारे दगड फोडत राहा. नंतर बिग कोअर येतो, त्या मोठ्या यानाचा निळा गाभा फोडायचा असतो. गाभ्यासमोर एकामागे एक पडदे आहेत. एकाच उंचीवर टिकून मारलं तरच ते लवकर तुटतात, आणि तो तर वरखाली करत राहतो. त्याच्या चार लेझरांच्या मधली फट ओळखा आणि तिच्यात शिरून मारा.

संगीत कुणाचं?

मिकी हिगाशिनो यांचं. तेव्हा त्या शिकत होत्या आणि कोनामीत अर्धवेळ काम करत होत्या. पुढे 'सुइकोडेन' या गेमच्या संगीतामुळे त्यांचं नाव झालं. फॅमिकॉमवर धून वाजवायला दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि टिपून ठेवलेल्या नमुन्यांचा एक, एवढेच आवाज. आणि गोळीबाराचे आवाजही त्यांतच बसवायचे. तरी पहिल्या टप्प्याची धून तशीच अंगावर येते.

नूडल्सवाली आवृत्ती खरंच होती?

होती. जपानमधल्या ओत्सुका फूड्सच्या 'आर्किमेंडेस' नावाच्या कप नूडल्सच्या जाहिरातीसाठी फॅमिकॉम ग्रेडियसची खास प्रत काढली होती. कॅप्सूलच्या जागी नूडल्स. बाकी गेम तोच. आज ही प्रत संग्राहकांकडेच सापडते.

एमएसएक्सवरची आवृत्ती कशी आहे?

पडदा गचके खात सरकतो, कारण त्या संगणकाला मऊ सरकणं जमत नसे. पण तिच्यात एक टप्पा जादा आहे. चाहते तेवढ्यासाठी सगळं माफ करतात.

महाराष्ट्रात हा गेम आला होता का?

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत पोचलं ते फॅमिकॉमच्या नकलांचं पीक. त्याला आपण 'व्हिडिओ गेम' किंवा 'टीव्ही गेम' म्हणायचो आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'. कॅसेटवर छापलेला आकडा लाखांत, आत गेम मोजून दहा-बारा, तेच वेगवेगळ्या नावांनी. मारिओ आणि कॉन्ट्रा सगळ्यांकडे. ग्रेडियस कुणाकुणाच्या कॅसेटमध्ये निघायचा, आणि नाव वाचता येत नसल्याने आम्ही त्याला नुसतं 'विमानवाला' म्हणायचो. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची. फुंकरीतल्या ओलाव्याने आतले पत्रे उलट खराब होतात हे फार पुढे कळलं. चालायची ती कॅसेट काढून पुन्हा खोचल्यामुळे.

कॉन्ट्राच्या कित्येक कॅसेटमध्ये ३० लाइफ मेनूतच मिळायच्या. त्यामुळे ज्या कोडने अमेरिकेतली एक पिढी वाढली, तो आमच्यापैकी बऱ्याच जणांना कधी दाबावाच लागला नाही.

हा आवडला तर पुढे काय खेळू?

'सालामांडर' (१९८६), अमेरिकेत 'लाइफ फोर्स'. त्यात काही टप्पे आडवे, काही उभे, आणि दोघांना मिळून खेळता येतं. मग आर्केडचा 'ग्रेडियस २' (१९८८). त्याची फॅमिकॉम आवृत्ती कार्ट्रिजमध्ये कोनामीची स्वतःची जादा चिप बसवून केलेली आहे आणि त्या मशीनकडून इतकं काम काढून घेतलेलं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय. 'ग्रेडियस ३' आर्केडमध्ये क्रूर आहे, सुपर निन्टेन्डोवर जरा माणसाळलेला. 'पॅरोडियस' ही कोनामीनेच केलेली स्वतःची टिंगल. 'ग्रेडियस ५' (२००४) प्लेस्टेशन २ वर, ट्रेझर या स्टुडिओने घडवलेला. आयरेम या दुसऱ्या कंपनीचा 'आर-टाइप' (१९८७) हा या घराण्यातला नाही, पण शेजारी म्हणून जरूर भेटा.

आज कायदेशीरपणे कुठे खेळता येईल?

आर्केडचं रूप हवं असेल तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेला 'ग्रेडियस ओरिजिन्स' हा संच घ्या. एम२ या जपानी कंपनीने केलेला आहे, आणि पीसी, प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स, स्विच यांवर मिळतो. डाव मागे घेण्याची सोय आहे, न मरता खेळण्याचीही आहे. लाज वाटून घेऊ नका. हाशिमोतोंनीही तेच केलं होतं. मात्र त्यात फॅमिकॉमची आवृत्ती नाही. ती निन्टेन्डो स्विच ऑनलाइन या वर्गणीच्या सेवेतल्या एनईएस यादीत सुरुवातीपासून, म्हणजे २०१८ पासून आहे. आपल्याकडे स्विच अधिकृतपणे विकला जात नाही, बाहेरून आलेला घ्यावा लागतो, तेवढं ध्यानात ठेवा.

शेवटचा बॉस काहीच करत नाही. माझ्या कॉपीत बिघाड आहे का?

बिघाड नाही. किल्ल्याच्या पोटात एक प्रचंड मेंदू बसलेला आहे. तो गोळी झाडत नाही, हलत नाही. त्याला धरून ठेवलेल्या नळ्या तोडल्या की संपलं. इथवर येणं हीच लढाई होती. किल्ला फुटतो, आणि एवढं करून मिळतं काय, तर गेम पुन्हा पहिल्या ज्वालामुखीकडे निघतो. फक्त यावेळी शत्रू जास्त चिडलेले असतात.